झिल्पाचा सोमवार

हॅडवेल, मॅसॅच्युसेट्स
५ मार्च २०१७

प्रिय डोरकस आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि संगणकाला तू हात लावत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

तिसरीला गावाचा इतिहास सुरू झाला. पुस्तिका अजून तुझीच चालते. मुखपृष्ठावर तू काढलेलं प्रार्थनाघर, मनोरा डावीकडे कललेला. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, त्या वेळी भूकंप झाला होता का. तुझे मेणपुतळे यंदा १९ मेला आहेत. तू मुलांच्या हाताच्या पट्टीला खरं बटण शिवायचीस, आम्ही लाल कागदाची टिकली चिकटवतो. बाकी सगळं तसंच. मूल जुन्या काळचे कपडे घालून पुतळ्यासारखं उभं राहतं, कुणी टिकली दाबली की आपली ओळख करून देतं आणि पुन्हा पुतळा होतं.

नवीन आहेत त्या पाट्या. रोज फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचं उद्दिष्ट लावायचं आणि तेही मुलाच्या तोंडचं. ‘मी नकाशावरून दिशा सांगू शकतो.’ ‘मी मूळ साधन आणि दुय्यम साधन ओळखू शकतो.’ मंगळवारची पाटी होती, ‘वसाहतीच्या काळात लोक एकमेकांना कशी मदत करत हे मी सांगू शकतो.’ खाली हसरा सूर्य. तो सूर्य चिकटवतानाच मला कसंतरी झालं. पण मी चिकटवला.

तर मंगळवारी आम्ही तुझं सहावं पान वाचत होतो. ‘रेव्हरंड एलिफलेट क्रेन यांच्या घरी त्यांची पत्नी, सहा मुलं आणि झिल्पा नावाची मदतनीस राहत असे. झिल्पा उत्तम लोणी काढत असे.’ कॅमिल ड्रेटननं हात वर केला.

“बाई, झिल्पाचा सोमवार कधी आला?”

वर्ग हसला. मी म्हटलं, “म्हणजे गं?”

तिनं खिडकीशेजारच्या तक्त्याकडे बोट केलं. तो तुला माहीत नसेल. ‘आमचे मदतनीस’ असा तक्ता आहे. दार कोण धरणार, रांगेत पुढे कोण, हॅमस्टरला खायला कोण घालणार. कपड्यांच्या चिमट्यांवर मुलांची नावं आहेत आणि दर सोमवारी चिमटे हलतात.

“मदतनिसांची कामं सोमवारी बदलतात ना,” कॅमिल म्हणाली. “मग लोणी काढायचं काम दुसऱ्या कुणाला कधी मिळालं?”

मी म्हटलं, “छान प्रश्न. आपण शोधू या हं.” उत्तर द्यायचं नसलं की आम्ही मास्तर लोक हेच म्हणतो, हे तुला मी काय सांगायचं.

वर्गात दोनच काळी मुलं आहेत, त्यांतली ती एक. तिला खरंच माहीत नव्हतं, का ती मला जोखत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. चार दिवस वहीत तेच लिहितेय आणि खोडतेय. मेणपुतळ्यांसाठी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, त्यात तिला कोण आलंय माहीत आहे? रेव्हरंड क्रेन.

मला फक्त एवढं सांग. झिल्पा तुला कुठे सापडली?

तुझी,
रोवेना

*

स्प्रूस कोव्ह, मेन
१४ मार्च

प्रिय रो,

मनोरा कललेला नाही. छापखान्यात कागद कलला होता. एकोणतीस वर्षं हेच सांगतेय.

इथे चिखलाचे दिवस आलेत. टपालवाला परवा माझ्या दाराशी एक बूट सोडून गेला, म्हणजे पाय निघाला, बूट राहिला. तेव्हा हे पत्र उशिरा मिळालं तर मला बोलू नकोस.

झिल्पा कुठे सापडली ते आता आठवत नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं, तसलंच काहीतरी. ‘मदतनीस’ हा शब्द चांगला आहे. मुलांना कळतो, म्हाताऱ्यांना खुपत नाही. आठ वर्षांच्या मुलांना सगळं सांगायला जाशील, तर दुधाच्या दातांनी अक्रोड फोडायला दिल्यासारखं होईल. त्या पोरीला सांग, रविवारी सगळ्यांनाच सुट्टी असायची. मुलांना सुट्टीचं सांगितलं की समाधान होतं.

तू मूळचीच अशी. माझा भाऊ म्हणायचा, आमची रो जेवायच्या आधी चमचा उजेडात धरून बघते. अगं, चमच्याला कधी ना कधी कुणाचं तरी तोंड लागलेलंच असतं. म्हणून काय हातानं सूप प्यायचं?

त्या पाट्या मात्र भयंकर आहेत. ‘मी शकतो, मी शकतो.’ आमच्या वेळी मूल काय शकतं ते मुलाला आणि मला माहीत असायचं, भिंतीला सांगावं लागत नसे.

स्वेटर पाठवू का? निळा आहे.

तुझी आत्या,
डोरकस

*

हॅडवेल
२७ मार्च

प्रिय आत्या,

स्वेटर नको.

मी वाचनालयात गेले होते. तळघरातल्या कपाटात रेव्हरंड क्रेन यांच्या रोजनिशीची टंकलिखित प्रत आहे, महिला मंडळानं फार पूर्वी केलेली. तीन शनिवार तिथे बसले. पहिले दोन तास मी मूर्खासारखी वाचत होते. ‘जून १७४१. माझी नोकर झिल्पा हिला बाप्तिस्मा दिला.’ नोकर म्हणजे पगारी बाई, असंच धरून पुढे गेले. मग एका पानावर ‘तहहयात नोकर’ असं आलं, तेव्हा डोळे उघडले. आपल्याकडचे हे सभ्य लोक ‘गुलाम’ हा शब्द तोंडात घेत नसत. त्यांना तो ओंगळ वाटायचा. शब्द ओंगळ वाटायचा.

पुढचं जसं आहे तसं उतरवून पाठवते.

‘९ ऑक्टोबर १७४४. मेहिटेबलचं लग्न. पाहुणे चाळीस. मुलीला आंदण दिलं: पलंग एक, चादरी दोन, पितळेची किटली, आणि झिल्पाची रोझ, वय वर्षं सहा.’

‘१० ऑक्टोबर. झिल्पा आजारी. लोणी बिघडलं.’

‘१४ ऑक्टोबर. झिल्पानं पुन्हा रोझची चौकशी केली. समाधानी राहण्याचा उपदेश केला. यंदा सफरचंदं उत्तम.’

आत्या, ते ‘सफरचंदं उत्तम’ वाचून मी वर गेले, तोंड धुतलं, परत आले, पुन्हा वाचलं. किटलीनंतर स्वल्पविराम आणि मग मुलगी. उपदेश आणि सफरचंदं यांच्यामध्ये तर साधी ओळसुद्धा सोडलेली नाही. आपल्या गावाच्या चौकात या माणसाच्या नावाचं बाक आहे, तिथे बसून मी आइस्क्रीम खाल्लंय.

आज ते कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. व्हिटकोम सर वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर किती बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, कागद नीट वाचले, चष्मा काढला.

“भयानक,” ते म्हणाले. “खरंच भयानक. पण रोवेना, हे पाचवीत येतं.”

“काय पाचवीत येतं?”

“गुलामगिरी. दक्षिणेतली. तिसरीला आपलं गाव आहे.”

“सर, ही आपल्याच गावातली आहे.”

“हो, पण अभ्यासक्रमाच्या आराखड्यात ती दक्षिणेत आहे.”

हसू नकोस. ते मनापासून बोलत होते. मग म्हणाले, “आणि गुलामांच्या भूमिका मुलांकडून करवून घ्यायच्या नाहीत, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलंच आहे.” ते बरोबरच आहे. मलाही कुठल्याच मुलाला झिल्पा म्हणून उभं करायचं नाही. पण त्यांचं म्हणणं, मग विषयच कशाला काढायचा. एक चांगला नियम घ्यायचा आणि त्याचं झाकण करायचं, याची त्यांना हातोटी आहे.

उठताना म्हणाले, “आणि क्रेनचं काम ड्रेटनच्या मुलीला आलंय ना? सुंदर! पांढरी कॉलर घालून तिचा फोटो वर्तमानपत्राला देऊ. आपण किती पुढे आलो, ते दिसेल.”

मी कागद गोळा केले. घरी आल्यावर मला आठ उत्तरं सुचली.

आता शेवटचं. त्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसा आहे आणि खिशात नेणाऱ्यांचं जुनं कार्ड. माझ्या आधी साऱ्या कार्डावर एकच नाव आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च १९८८. तीनही सह्या तुझ्या.

रोवेना

*

स्प्रूस कोव्ह
४ एप्रिल

रोवेना,

पुस्तकाच्या मागच्या खिशात हात घालून आधी कुणी नेलं ते बघायची सवय तुला मीच लावली, सहा वर्षांची असताना. चांगले पांग फेडलेस.

एकतीस वर्षं मी शिकवलं. अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं. तुझ्या त्या व्हिटकोमला नाक पुसायला शिकवलं, आणि तेव्हाही तो बाहीच वापरायचा. मी कुठलं पुस्तक किती वेळा नेलं याचा जबाब कुणाला द्यायला मी बांधलेली नाही.

माझ्यावर पाळत ठेवायची असली तर इथे येऊन ठेव. पत्रं लिहू नकोस.

डी. टिलसन

*

हॅडवेल
३० एप्रिल

प्रिय आत्या,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय. तीन आठवडे राग धरून बघितला, पण मला तो बेताचाच येतो. आता तर मला तुझ्यावर रागवायचा हक्कच राहिलेला नाही.

मेणपुतळ्यानं बोलायचं ते आता कार्डावर छापून देतात. क्रेनच्या कार्डावर काय छापायचं, यासाठी मी तीन मजकूर लिहून दिले होते. पहिल्यात गुलाम आणि रोझ दोन्ही. दुसऱ्यात नुसतं गुलाम. तिसऱ्यात ‘माझ्या घरी झिल्पा नावाची मदतनीस होती’. तिसरा मी का लिहिला? कुणी मागितला नव्हता. व्हिटकोमनी अर्थात तिसरा उचलला, म्हणाले, “हा सगळ्यात समतोल आहे.” खाली शिक्षिकेची सही लागते. मी केली. पेन चालत नव्हतं, तर दुसरं मागून घेतलं आणि केली.

मी स्वतःला सांगितलं, नोकरी गेली तर या मुलांना शिकवणार कोण? मग सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. मग सांगितलं, निदान झिल्पाचं नाव तरी राहिलं. रात्री वहीत या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या. त्या माझ्या हस्ताक्षरातल्या वाटेनात. सफरचंदं उत्तम म्हणणाऱ्या माणसाच्या वाटल्या.

शुक्रवारी वसाहत-दिवस झाला. तुझ्या वेळेसारखंच, बरणीत साय भरायची आणि मुलांनी ओळीनं हलवायची. दहा मिनिटांत हात दुखतात, मग पुढचा घेतो, टाळ्या, लोणी, खारी बिस्किटं. कॅमिलला बरणी दिली तर ती हलवत राहिली. पुढच्या मुलीनं हात पुढे केला, तरी देईना. मी म्हटलं, “कॅमिल, आता बदल.” ती म्हणाली, “बघतेय, किती वेळ हलवता येतं.” शेवटी हात थरथरायला लागले, तेव्हा मीच बरणी काढून घेतली. लोणी अगदी छान झालं होतं. सगळ्यांनी खाल्लं. मी बिस्किट तोंडाजवळ नेलं आणि ते पिवळं, ओलसर, बोटांवर वितळणारं बघून मला इतकी शिसारी आली की बिस्किट तसंच कागदात गुंडाळून खिशात टाकलं. आज कोटाला वास येतोय.

संध्याकाळी कॅमिलची आई तिला न्यायला आली. दवाखान्यात नर्स आहे, कायम घाईत असते. मी धीर करून म्हटलं, “मिसेस ड्रेटन, कॅमिलनं फेब्रुवारीच्या शेवटी झिल्पाबद्दल एक प्रश्न विचारला होता...”

“सोमवारचा ना?” ती मुलीच्या कोटाची बटणं लावत म्हणाली. “घरी बोललोय आम्ही. तिला माहीत आहे सगळं.”

“मग तिनं विचारलं का?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “शाळा कधी सांगते ते बघत होती. दोन महिने झाले, बाई.”

आत्या, ती मला दोन महिने वेळ देत होती. आठ वर्षांची मुलगी. आणि मी त्या दोन महिन्यांत काय केलं, तर दुसरं पेन मागितलं.

तुला दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. तुझ्याशिवाय हे कळेल असं कुणी नाही, म्हणून लिहिलं.

रोवेना

*

स्प्रूस कोव्ह
८ मे

प्रिय रो,

सोबतचा कागद जपून उघड. कार्बनची प्रत आहे, हाताला काळं लागेल. लागू दे.

मी दोन दिवस माळ्यावर शोधत होते. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. आणि इथे काळ्या माश्या सुरू झाल्यात, कानात, नाकात, चहात. असो.

हे माझ्या सहाव्या पानाचं मूळ रूप आहे, मार्च १९८८ मधलं. मी लिहिलं होतं, ‘रेव्हरंड क्रेन यांनी झिल्पा नावाच्या स्त्रीला गुलाम म्हणून घरात ठेवलं होतं. तिची मुलगी रोझ सहा वर्षांची असताना त्यांनी ती आपल्या मुलीला लग्नात आंदण दिली. झिल्पा तिच्याबद्दल विचारत राहिली.’ त्यावर पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात ‘मदतनीस’ लिहिलंय. ते अक्षर तू ओळखशील. तुझ्या सगळ्या वाढदिवसाच्या कार्डांवर आहे.

तू वाट बघत असशील की मी म्हणेन, अमक्यानं दबाव आणला. मीही स्वतःला इतकी वर्षं तेच सांगायचं बघतेय, पण माणूस सापडत नाही. कुणी काही म्हणालं नव्हतं. कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते, तुला माझा स्वभाव माहीत आहे. झालं एवढंच. त्या वर्षी गावाला अडीचशे वर्षं होत होती. पुस्तिका प्रार्थनाघरात मोठ्यानं वाचायची होती आणि मला डोक्याला जुन्या काळचं बॉनेट घालून व्यासपीठावर बसायचं आमंत्रण होतं. बॉनेट मी स्वतः शिवलं होतं, फिकट जांभळं. आदल्या दिवशी आरशासमोर ते घालून मी पान मोठ्यानं वाचून बघितलं, आणि ‘आंदण’पाशी आले तेव्हा वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतील. माझ्या बॉनेटकडे नाही, माझ्याकडे.

म्हणून रेघ मारली. एका टोपीसाठी, रो.

आणि ‘उत्तम लोणी’ची मी भर घातली. रोजनिशीत ‘लोणी बिघडलं’ होतं ना, ते मला वाईट दिसेल असं वाटलं. कुणाला वाईट दिसेल, ते विचारू नकोस.

तू सही केलीस म्हणून रडत बसू नकोस. रडण्यानं आपलं आपल्याला बरं वाटतं, आणि बरं वाटून घ्यायचं हे काम नाही. तुझ्या त्या पाट्यांत ‘मी दोन हकिकती ताडून पाहू शकतो’ अशी एखादी असेलच. आता तुझ्याकडे दोन आहेत, आणि दोन्ही एकाच बाईनं लिहिलेल्या. वापर. माझं नाव झाकू नकोस.

आत्या

*

हॅडवेल
२३ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र ११ मेला, गुरुवारी आलं. शुक्रवारची पाटी मी शोधली, आहे तशी. ‘एकाच घटनेच्या दोन हकिकती मी ताडून पाहू शकतो.’ आराखड्यातलं तिसरीचंच उद्दिष्ट. तुझी कार्बनची प्रत, छापलेलं सहावं पान आणि रोजनिशीतल्या त्या ओळी पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि बाजूला झाले. मला वाटलं होतं, काहीतरी समजवावं लागेल.

“हे कुणी खोडलं?” नॅथन पेलहॅमनं विचारलं.

“माझ्या आत्यानं. ती इथेच शिकवायची.”

“तिला ओरडा बसला?”

“नाही. कुणाला कळलंच नाही.”

“बाईंनी खोटं लिहिलं तर त्यांना कुणाकडे पाठवतात?” हे मागच्या बाकावरून आलं.

मग एक मुलगी रडायला लागली, कारण तिची बहीण सहा वर्षांची आहे. कॅमिल रडली नाही. तिनं विचारलं, “यातलं मूळ साधन कोणतं?” मी म्हटलं, “तुम्हीच सांगा.” बराच वाद झाला. शेवटी त्यांचं ठरलं ते मी तुला सांगतेच. रोजनिशी हे क्रेनबद्दलचं मूळ साधन आहे, आणि तुझी पेन्सिलीची रेघ हे आपल्याबद्दलचं.

मग मी त्यांना सांगितलं, मेणपुतळ्यांच्या कार्डावर ‘मदतनीस’ छापलंय आणि खाली माझी सही आहे. माझी मान खाली होती. नॅथन म्हणाला, “तुम्ही पण?” इतक्या साध्या आवाजात, की मला तो आवाज जन्मभर पुरेल. मी म्हटलं, “हो. आणि आता ती सही मी मागे घेतेय.” ते छापील कार्ड टरकावलं आणि कॅमिलला कोरं दिलं. दुपारी व्हिटकोमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: क्रेनचं कार्ड बदललं आहे, मंजुरीसाठी पाठवलेलं नाही. दोन ओळी लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी ती बहुधा वाचली नव्हती.

१९ मेला सभागृह भरलं होतं. मधोमध प्रार्थनाघराच्या आकाराचा केक, मनोरा डावीकडे कललेला. बेकरीवालीनं तुझ्या पुस्तिकेवरून केला होता. कॅमिल पाचव्या जागी, काळा झगा, कागदाची पांढरी कॉलर, हातावर लाल टिकली. वर्तमानपत्रवाला फोटो घेऊन गेला. मग व्हिटकोम स्वतः दोन पाहुण्यांना घेऊन आले, म्हणाले, “या आमच्या छोट्या रेव्हरंडना ऐका,” आणि टिकली दाबली.

ती बोलायला लागली. एकही शब्द न अडखळता.

“मी रेव्हरंड एलिफलेट क्रेन. मी हे प्रार्थनाघर बांधलं. माझ्या घरी झिल्पा होती. मी तिला नोकर म्हणायचो, कारण गुलाम म्हणायची मला लाज वाटायची. गुलाम ठेवायची वाटायची नाही. तिची रोझ मी लग्नात किटलीबरोबर देऊन टाकली. झिल्पा विचारत राहिली. मी तिचा सोमवार कधीच येऊ दिला नाही.”

आणि पुतळा झाली.

पाहुणीबाई म्हणाल्या, “अय्या, किती गोड!” आत्या, शपथेवर सांगते, हेच शब्द. त्यांनी ऐकलंच नव्हतं, त्या कॉलर बघत होत्या. व्हिटकोमनी ऐकलं होतं. त्यांना वाटलं असावं, मुलीचं पाठांतर चुकलं, पुन्हा दाबलं की बरोबर म्हणेल. त्यांनी पुन्हा टिकली दाबली. ती पुन्हा तेच बोलली, त्याच आवाजात, त्याच जागी थांबत. त्यांनी तिसऱ्यांदा दाबली. तेव्हा आजूबाजूचे लोक थांबले होते आणि तिसऱ्या वेळी सगळ्यांनी ऐकलं. तिची आई भिंतीपाशी उभी होती, हाताची घडी घालून. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीच नाही वाजवल्या. मग कुणीतरी केक कापला, आणि लोक केककडे वळले. फार लवकर वळले.

मला पुढच्या वर्षी पहिलीला दिलंय. “तुमचा हात लहान मुलांवर चांगला बसेल,” व्हिटकोम म्हणाले. पहिलीच्या आराखड्यात इतिहास नाही. ऋतू आणि वाहतुकीचे नियम आहेत. तुझी पुस्तिका ते ‘पुनर्मुद्रणासाठी’ परत घेतायत. काय छापणार, ते मला सांगितलेलं नाही. तुझी कार्बनची प्रत मी वाचनालयात दिली. ती आता रोजनिशीला जोडून ठेवलीय, आणि मागच्या खिशात नवीन कार्ड आहे. पहिली सही कॅमिलची. आईच्या सभासद-कार्डावर नेली तिनं.

मला बरं वाटत नाहीये. तू म्हणालीस, बरं वाटून घ्यायचं हे काम नाही, ते मी वहीत लिहून ठेवलंय. तोंडातली ती लोण्याची चव अजून जात नाही, आणि मी तर ते खाल्लंही नव्हतं.

काल सोमवार होता. मुलं येण्याआधी मी ‘आमचे मदतनीस’ तक्ता काढला आणि वर नुसतं ‘आमची कामं’ लिहून पुन्हा लावला. चिमटे हलवायला कॅमिल पुढे आली. सगळे हलवून झाल्यावर तिनं डब्यातून एक कोरा चिमटा काढला, त्यावर पेननं नाव लिहिलं आणि तो तक्त्याच्या बाहेर, खिडकीच्या पडद्याला लावला, जिथे काहीच काम नसतं.

“हिचं काय काम?” नॅथननं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “तिची सुट्टी आहे.”

तुझी,
रोवेना